थोरल्याचं बैरंग पाकीट

एकोणीसशे पंचावन्न साल. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि बारामतीच्या पेठेत गुळाचं एक गोदाम माझ्या नावावर चालत होतं. नावावर म्हणजे अर्धं. दुसरं अर्धं माझ्या थोरल्या भावाचं. तो अंथुर्ण्याला, इंदापूर तालुक्यात, बापाच्या जागेवर ऊस आणि गुऱ्हाळ बघायचा. मी इथं ढेपा उतरवून घ्यायचो आणि भाव बघून विकायचो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरानं छडी मारली, मी ती त्याच्या हातातून ओढून गुडघ्यावर मोडली आणि पुन्हा त्या दारात गेलो नाही. सही मात्र करतो. अजूनही स्वच्छ करतो.

आम्ही भाऊ तेव्हा एकमेकांचं तोंड बघत नव्हतो. बाप गेल्यावर वाटणीला बसलो तेव्हा रान वाटलं, बैलं वाटली, पितळी भांडीसुद्धा वाटली. राहिली ती उसाचा रस उकळायची बापाची मोठी काहील. ती दोघांनाही पाहिजे होती. चुलवाणाच्या कडेलाच जुंपली. थोरल्यानं डावभर उकळता रस माझ्या अंगावर फेकला. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कातडं उतरलं. मी तसाच त्याच्या अंगावर गेलो, त्याला खाली पाडला आणि त्याचा कान दातांत धरला. लोकांनी आम्हाला ओढून बाजूला केलं तेव्हा कानाची पाळी माझ्या तोंडात होती. मी ती थुंकली. थोरला रक्त पुसत म्हणाला, "आजपासनं तुझं तोंड बघितलं तर मी बापाचा न्हाय."

मी म्हणालो, "मी तर आजच बघून इटलोय."

पण धंदा एकच होता. ऊस त्याच्याकडं, बाजार माझ्याकडं. मग आमचं सगळं बोलणंचालणं पोस्टानं सुरू झालं. गाडीवान ढेपा आणून टाकायचा, पण त्याच्याजवळ निरोप द्यायचा नाही. गाडीवान निरोपात पदरचं मीठ घालतो. जे काय असेल ते कागदावर.

आता बैरंगाचं सांगतो, कारण आजच्या पोरांना ते ठाऊक नाही. पत्राला तिकीट न लावता पेटीत टाकलं तरी सरकार ते पोचवायचं. मात्र घेणाऱ्यानं दुप्पट पैसे द्यायचे. त्यानं घ्यायला नकार दिला तर पोस्टमन वर तसं लिहून पत्र परत धाडायचा आणि तो दुप्पट आकार मग पाठवणाऱ्याच्या बोडक्यावर. आमच्या खेड्यांत पुष्कळ लोक मुद्दाम बैरंग टाकायचे, आणि ते चिकटपणा म्हणून नाही. तिकिटाचं पत्र पोस्टमन बाजारच्या दिवशी चावडीच्या कट्ट्यावर कुणाच्याही हातात देऊन मोकळा व्हायचा. ते पत्र मग कुणाच्या बंडीत राहायचं, कुणाच्या चिलमीला लागायचं. बैरंगाचे पैसे मात्र त्याला वसूल करून भरायचे असत. त्यामुळं तो ओढा ओलांडून वस्तीपर्यंत येणारच. बाप म्हणायचा, मयताचं पत्र बैरंग टाकावं, म्हणजे मढं उचलायच्या आत माणूस येतो. फक्त कचेरीला आणि बँकेला बैरंग चालत नाही. ते लोक हात लावत नाहीत, तसंच परत करतात. एवढं आम्हाला माहीत होतं.

तर आम्ही भाऊ एकमेकांना बैरंगच टाकायचो. आधी पोचावं म्हणून. पुढं पुढं समोरच्याच्या खिशाला चटका बसावा म्हणून. त्या साली संक्रांतीला मी त्याला एक पाकीट धाडलं, त्यात शेणाची वाळकी खपली घातली होती, दुसरं काही नाही. तिळगूळ म्हणून. त्यानं दुप्पट पैसे देऊन ते घेतलं असणार, कारण पंधरा दिवसांनी मला त्याचं पाकीट आलं. मी पैसे दिले, फोडलं, तर रिकामं. आत कागदाचा कपटासुद्धा नाही. शिमग्याच्या आसपास आणखी एक आलं. तेही रिकामं. दुकानात चार माणसं बसलेली. त्यांच्यातला एक हसला. त्याला मी गादीवरून लाथ घातली, तो पायरीवर पडला आणि त्याचं कोपर फुटलं. त्याच दिवशी ठरवलं, थोरल्याच्या हवेला यापुढं दमडी द्यायची नाही.

आता बँकेचं. गोदामावर आमचा ओव्हरड्राफ्ट होता. पेठेत पुष्कळांना त्यातलं काही कळत नव्हतं, मला कळत होतं, कारण मी विचारून घेतलं होतं. बँकेच्या मॅनेजरला तेव्हा एजंट म्हणत. एजंटसाहेब पुण्याचे, गळाबंद कोटातले, बोलायला सावकाश. त्यांनी सांगितलं की तुमच्या खात्यातले पैसे संपले तरी ठरलेल्या हद्दीपर्यंत आम्ही तुमचा चेक वटवू. जेवढं जादा उचलाल तेवढ्यावरच व्याज, आणि तेही जितके दिवस उचललं तितक्याच दिवसांचं. मी विचारलं, उद्या माल विकून भरले तर? तर उद्यापासून व्याज बंद. परवा परत उचलले तर? तर उचला, हद्द ओलांडू नका म्हणजे झालं. मला ते फार पटलं. सावकार कधी असं देत नाही. त्याच्या बदल्यात गोदामातला गूळ बँकेकडं तारण. दाराला माझं एक कुलूप, बँकेचं एक कुलूप, बाहेर बँकेचा रखवालदार. जेवढे पैसे भरू तेवढ्या ढेपा सोडवायच्या.

चेकवर माझी एकट्याची सही चालायची. पण दर वर्षी मुदत संपली की नव्या कागदावर आम्हा दोघा भावांच्या सह्या लागायच्या. त्या नाही झाल्या तर बँकेनं नोटीस लावून गूळ लिलावात काढायचा आणि आपलं येणं वळतं करून घ्यायचं. हा करार मीच मागून घेतला होता. थोरल्यानं माझ्यामागं काही करू नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात गोदाम आढ्यापर्यंत भरलं होतं. भाव पडले होते म्हणून मी माल धरून ठेवला होता. श्रावणाच्या तोंडावर भाव चढणार हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. तो गूळ म्हणजे अंथुर्ण्याच्या आणि बारामतीच्या अशा दोन्ही घरांचं वर्षाचं खाणं, बैलांची पेंड, थोरल्याच्या पोरीचं लग्न, माझ्या दुकानाचं भाडं. वैशाखात पडत्या भावानं गेला असता तर दोन्ही चुली विझल्या असत्या.

मुदत संपत आली तेव्हा एजंटसाहेबांनी नवा कागद दिला. मी सही केली आणि थोरल्याला धाडला. बैरंग, म्हणजे नक्की पोचेल. पुढं काय झालं ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. थोरल्यानं दुप्पट पैसे देऊन तो घेतला, त्यावर सही केली आणि मला परत धाडला. माझ्याच हिशेबानं. बैरंग.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दुपारची वेळ होती. पोस्टमन मुसलमान, माझ्या बापाच्या वयाचा, सगळी पेठ त्याला चाचा म्हणायची. त्यानं पाकीट पुढं केलं आणि म्हणाला, थोरल्याचं हाय, दुप्पट पडंल. अक्षर ओळखलं आणि माझ्या डोक्यात शीर उठली. वाटलं, सहीचा कागद इतक्यात कुठला येतोय, ही तिसऱ्यांदा हवाच. म्हणालो, परत लिहा.

"घे की बाबा," चाचा म्हणाला, "आत कागूद लागतोय हाताला."

मला वाटलं हाही हसतोय. मी त्याच्या पिशवीचा पट्टा धरून त्याला असा हिसडला की त्याचं टपाल रस्त्यावर पसरलं. तो खाली बसून एकेक पत्र गोळा करायला लागला. समोरच्या दुकानातला शेठ, त्याचंही गुळाचंच दुकान, तिथूनच म्हणाला, "म्हाताऱ्यावर जोर करतोस, भावावर कर की." मी वजनाचं माप उचलून फेकलं. ते त्याच्या दाराच्या चौकटीत बसलं. चाचानं उठून पाकिटावर दोन शब्द लिहिले आणि पुढं गेला.

अंथुर्ण्याचं टपाल तेव्हा इंदापूरवरून फिरून यायचं. ते पाकीट रांगत रांगत परत गेलं. थोरल्याला आपल्याच सहीचे दुप्पट पैसे भरून ते सोडवावं लागलं. इकडं मी वाट बघतोय की कागद कसा येत नाही. मी त्याला खरमरीत पत्र टाकलं, कागद पाठव, नाहीतर गूळ जाईल. तेही बैरंग. त्यानं आता ते परत केलं. मला खात्री पटली की थोरला मुद्दाम सही अडवून बसलाय. आणि तिकडं त्याला खात्री पटली की मीच मुद्दाम सही परत केली, म्हणजे लिलाव होईल आणि मी दुसऱ्याच्या नावानं तो गूळ मातीमोल भावानं घेईन.

गोदामाच्या दारावर नोटीस लागली. एजंटसाहेबांकडं गेलो. मी म्हणालो, माझी सही घ्या, माल माझ्या ताब्यात हाय. ते म्हणाले, खातं दोघांचं, करार दोघांचा, एकाच्या सहीवर मला मुदत वाढवता येत नाही. मी टेबलावर मूठ आपटली. दौत उडाली, शाई त्यांच्या कोटावर. शिपाई धावून आला, त्याची मानगूट धरून मी त्याला भिंतीला लावला. एजंटसाहेब उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, अंथुर्णं काही विलायतेत नाही, इंदापूरच्या मोटारीत बसा, भावाला घेऊन या. मी म्हणालो, त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार न्हाय, तुमी पायजे तर गूळ जाळा.

घरी बायकोनंही तेच सांगितलं. ती निमगाव केतकीची, तिच्या माहेरची वाट अंथुर्ण्यावरूनच जाते.

"अवो, मी जाते माहेराला," ती म्हणाली. "वाटंत थोरल्या भावजींना सांगते."

मी ताट भिंतीवर फेकलं. भाकरी, कालवण, सगळं खाली. तिनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "मला मारा," ती म्हणाली, "आणि मग उठून अंथुर्ण्याला जावा. एवढा मार खायला मी तयार हाय." मी तिला मारलं नाही आणि अंथुर्ण्यालाही गेलो नाही.

लिलावाच्या दिवशी सकाळीच गोदामापुढं माणसं जमली. नेहमी पेठेत गुळाचा सौदा पंचाखाली बोटं धरून व्हायचा, कुणाला काय भाव दिला ते कुणाला कळायचं नाही. बँकेचा लिलाव मात्र उघडा, तोंडानं. एजंटसाहेब खुर्चीवर, शेजारी कारकून. बँकेचं कुलूप निघालं. माझं कुलूप मी काढेना, तेव्हा रखवालदारानं ते पहारीनं फोडलं. ती पहार त्यानं दाराशीच टेकवून ठेवली.

समोरचा शेठ पुढं झाला. त्यानं एक ढेप खाली उतरवली, विळ्यानं फोडली, खडा तोंडात टाकून चघळला आणि सगळ्यांच्या देखत थुंकला. "काळा हाय," म्हणाला, "घामेजलाय. जनावराला घालायचा."

तो गूळ पिवळाधमक होता. थोरल्याच्या हातचा गूळ कधी काळा निघाला नाही. त्याच्यासारखा रस ओळखणारा माणूस दोन्ही तालुक्यांत नव्हता, हे मी त्याचा कान तोडला त्या दिवशीसुद्धा नाकारलं नसतं. माझ्यानं राहवलं नाही. मी शेठच्या थोबाडीत एक दिली, टोपी उडाली. दुसरी दिली, ओठ फुटला. मग त्याचे हमाल माझ्यावर पडले. गूळ वाहणारे हात ते, एकेक दणका बरगडीत जाऊन बसत होता. एकाचं बोट माझ्या हातात आलं ते मी उलटं वळवलं. दुसऱ्यानं माझं डोकं दगडी पायरीवर आपटलं. डोळ्यात रक्त आलं. मी ढेपांच्या थप्पीला पाठ लावली, वरची ढेप ढकलली, ती एकाच्या पायावर पडली आणि तो लंगडत बाहेर पळाला. बाकीचे थबकले. मी पहार उचलली.

तेवढ्यात मोटारीतून उतरून थोरला आला. बँकेनं नोटिशीची एक प्रत तिकिटानिशी त्याला धाडली होती, ती बरोबर पोचली होती. चार वर्षांनी त्याला बघितला. फेटा कानावर ओढून बांधलेला. एका हातात उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा दांडा, दुसऱ्या हातात ते पाकीट.

एजंटसाहेब उठून म्हणाले, सही आणली असेल तर द्या, लिलाव थांबवतो. थोरल्यानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो थेट माझ्यापुढं आला, पाकिटातला कागद काढून माझ्या नाकासमोर धरला. दोन सह्या. माझी आणि त्याची.

"सही पायजे न्हवती तुला," तो म्हणाला. "भावाचा गूळ लिलावात गिळायचा व्हता. म्हून परत केलंस. घे, गीळ आता."

आणि त्यानं त्या कागदाचे टराटरा तुकडे केले आणि माझ्या तोंडावर मारले.

एजंटसाहेब पुढं धावले ते कागदासाठी, पण उशीर झाला होता. मी काय बोलणार होतो कुणास ठाऊक. बोलायला त्यानं सवड दिली नाही. उभारी माझ्या जळक्या खांद्यावर बसली, नेमकी तिथंच. दुसरा फटका मी पहारीवर घेतला. तिसरा गुडघ्यावर बसला आणि मी खाली गेलो. तो वरून मारायला आला तसा मी खालून पहार फिरवली. त्याच्या उजव्या मनगटावर लागली. सुका ऊस मोडावा तसा आवाज झाला. उभारी खाली पडली. थोरला आपल्या हाताकडं बघत राहिला. पंजा एका बाजूला आणि हात एका बाजूला.

पोलीस आला. त्यानं आम्हा दोघांना दोन दोन ठेवून दिल्या, थोरल्याला जरा बेतानं. चावडीवर नेत होता, पण एजंटसाहेब मध्ये पडले. ते म्हणाले, लिलाव मोडला, आता आज होत नाही, बोली लावणारे निम्मे पळून गेले. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "उद्या बँक उघडताना दोघांनी नव्या कागदावर सह्या करा. नाही केल्या तर परवा गूळ विकणारच, आणि त्या वेळी मी पोलीस घेऊन उभा राहीन."

थोरला म्हणाला, "सही कशानं करू?"

उजवा हात लोंबत होता. एजंटसाहेबांनी विचार केला आणि सांगितलं, डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल. पण नमुन्याची सही बँकेत आहे आणि आता अंगठा, म्हणजे साक्षीदार पाहिजे. बँकेत ज्याचं खातं आहे, ज्याला बँक ओळखते आणि जो तुम्हाला ओळखतो असा पेठेतला माणूस. त्यानं येऊन माझ्यासमोर सांगायचं की हा अंगठा याचाच.

मी पेठेकडं बघितलं. बँकेत खातं असलेला आणि आमच्या बापापासून आम्हाला ओळखणारा एकच माणूस, तो धोतराच्या सोग्यानं फुटका ओठ दाबत आपल्या पायरीवर बसला होता. बाकी दोघे-तिघे खातेवाले होते, ते त्याचे भाचे, पुतणे.

थोरल्याला मी जळोचीच्या हाडवैद्याकडं नेला. टांग्यात तो एका टोकाला, मी एका टोकाला. हाडवैद्य म्हणाला, याला पाठीमागनं आवळून धर, हलू देऊ नको. मी धरला. वैद्यानं मनगट ओढलं, फिरवलं. माझा दंड थोरल्याच्या तोंडाशी होता, त्यात त्यानं दात रोवले. वैद्य ओढतोय तोवर तो चावत होता. मी दंड काढून घेतला नाही. कामट्या बांधून झाल्या तेव्हा माझ्या बाहीवरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. वैद्यानं मलाही हळद लावली आणि दोघांचे पैसे मागितले.

घरी बायकोनं दोघांना एका पंक्तीला वाढलं. थोरल्याला उजव्या हातानं जेवता येईना, डाव्यानं तो जेवेना. बायकोनं भाकरी कुस्करून दुधात घातली आणि वाटी त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला. मग पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला.

"पाकीट का परत केलंस?"

"आधीची दोन रिकामी कुणी धाडली?"

"शेण कुणी धाडलं?"

मी म्हणालो, "शेण तुझ्याच बैलाचं व्हतं. वाटणीतल्या."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. थोरला हसला नाही, पण वाटी परत पुढं केली. थोड्या वेळानं म्हणाला, शेठ साक्षीला येईल का? मी म्हणालो, मी त्याचा ओठ फोडलाय. तो म्हणाला, ओठ बघितला, आणि वेशीपासनंच पेठेत तेच बोलणं चाललं होतं. मग म्हणाला, "सकाळी मी जातो त्याच्याकडं. मी काय त्याला मारलेलं न्हाय."

"तू जायचं न्हाय," मी म्हणालो. "मी मारलंय, मी जाईन."

"आणि त्यानं हाकलून दिलं तर?"

"तर परत जाईन."

अंथरुणावर पडल्या पडल्या मला एकच दिसत होतं. आढ्यापर्यंत लागलेल्या ढेपा आणि विळ्यानं फोडलेली ती एक, रस्त्यावर पडलेली, मुंग्या लागलेली. कुणाच्या पायरीवर मी आजवर चढलो नव्हतो. बापाच्या मयताला कोण आलं नाही, कोण आलं, हे मी मोजून ठेवणारा माणूस. पण त्या गुळात थोरल्याच्या पोरीचं लग्न होतं, आणि थोरल्याचा हात मी मोडला होता, त्यानं स्वतः मोडला नव्हता.

सकाळी मी अंघोळ केली, डोक्याच्या खोकेवर फडकं बांधून वर फेटा चढवला आणि पेठेत गेलो. शेठ नुकताच दुकान उघडून गादी झटकत होता. ओठ वांग्यासारखा सुजला होता. आदल्या दिवशीचे हमाल बाहेर बसले होते, एकाच्या बोटाला चिंधी. ते उठून उभे राहिले. मी पायरी चढलो. म्हणालो, शेठ, भावाचा अंगठा हाय, साक्षीला चला.

शेठनं मला उभंच ठेवलं. गादी झटकली, तराजू टांगला, उदबत्ती लावली. मग म्हणाला, "कालचं आधी परत घे. मग बघू."

मी फेटा काढून त्याच्या गादीवर ठेवला आणि हात पाठीमागं बांधले. सगळी पेठ बघत होती. चाचा टपालाची पिशवी घेऊन मधोमध थांबला होता. शेठचा हात हलका नव्हता, पूर्वी तोही ढेपा उचलत असे. एक बसली. दुसरी बसली, तिनं खोक उघडली. मी हललो नाही. त्यानं तिसरी मारली.

"मी दोनच मारल्या व्हत्या," मी म्हणालो.

"रात गेली न्हवं मध्ये?" शेठ म्हणाला. "तुमच्या एजंटाला इचार, दिवसाचं व्याज कसं बसतं ते."

हमाल हसले. मी त्यांच्याकडं बघितलं, बोट वळवलेल्याकडं जरा जास्त. मग फेटा उचलून डोक्याला गुंडाळला. शेठनं टोपी घातली, हमालाला गल्ला बघायला सांगितला आणि माझ्याआधी पायरी उतरला. थोरला बँकेच्या दारात गळ्यात हात अडकवून उभा होता. कारकुनानं शाईची गादी पुढं केली. थोरल्याला डाव्या हातानं नीट जमेना, तेव्हा मी त्याचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला.